17 वा क्रमांक, 21 वा क्रमांक आणि कॅथी रीड: आइस डान्सरची कारकीर्द वाचायची कशी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. मुलगी बारा वर्षांची, मुलगा दहाचा. दोघंही न्यू जर्सीत सिंगल्स, म्हणजे एकट्याने करायचं फिगर स्केटिंग, करतात. मुलीची डबल ॲक्सल, म्हणजे हवेत अडीच फेऱ्या घेण्याची उडी, बरेच महिने अडून बसली आहे आणि कोचने सुचवलंय की दोघा भावंडांना एकत्र आइस डान्सकडे वळवून बघा. घरात यावर बोलणं चालू असताना मुलांच्या बाबांनी कॅथी रीडचं उदाहरण दिलं. भावाबरोबर जपानकडून दोन ऑलिंपिक, एकदा 17 वा क्रमांक, एकदा 21 वा, जागतिक स्पर्धेत पदक नाही, 27 व्या वर्षी निवृत्ती, आणि आता कोच. "एवढं करून तिला मिळालं काय?" हा त्यांचा प्रश्न. तुमचा प्रश्न वेगळा आहे: आपली मुलं भारताकडून खेळू शकतील का?

मी याच राज्यात आइस डान्स शिकवते. सुरुवात पुण्यात चाकांच्या स्केट्सवर झाली, बर्फावर आले ती इथे आल्यानंतर. रीड कुटुंबाशी माझी व्यक्तिगत ओळख नाही. जे सांगते आहे ते जाहीर नोंदींवरून आणि त्यांचे कार्यक्रम अनेकदा बघून, शिकवणाऱ्याच्या नजरेने. तुमच्या घरात कॅथीचं नाव निघालं याचा मला खरंच आनंद झाला, कारण तुमच्या परिस्थितीला इतकं जवळचं उदाहरण दुसरं सापडणं कठीण. फक्त तुमच्या घरी ते निकालपत्रक हातात घेऊन वाचलं जातंय, आणि आइस डान्समध्ये नुसतं निकालपत्रक वाचलं की हमखास गल्लत होते.

कारण सांगते. सिंगल्समध्ये एखादी मुलगी एका मोसमात ट्रिपल ॲक्सल शिकते आणि एकदम दहा-पंधरा जणींना मागे टाकते. डान्समध्ये असा चमत्कार नाही. एकापेक्षा जास्त फेऱ्यांच्या उड्या नाहीत, जोडीदाराला डोक्यावर उंच धरून नेणाऱ्या लिफ्ट नाहीत. गुण मिळतात ते ब्लेडच्या धारेवर किती खोल आणि स्वच्छ झुकता यावर, दोघांतलं अंतर किती कमी आहे यावर, ट्विझल म्हणजे एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या गिरक्या दोघांच्या एकाच ठेक्यात पडतात का यावर, आणि संगीत अंगात किती उतरलंय यावर. या गोष्टी वर्षानुवर्षं मुरतात. त्यामुळे डान्समधला क्रमांक फार हळू हलतो. तो क्रमांक त्या मुलीचा एकटीचा नसतोच. जोडी किती वर्षं एकत्र आहे, देशात डान्सची परंपरा किती आहे, सरावाला सोबत कोण आहे, या सगळ्याची ती बेरीज असते. म्हणून कॅथीचा 17 वा क्रमांक बघताना आधी हे विचारायला हवं की ती कुठून निघाली होती.

कॅथीचा जन्म 1987 चा आणि तिच्या भावाचा, क्रिसचा, 1989 चा, दोघांचाही मिशिगनमधल्या कॅलमझूचा. धाकटी बहीण ॲलिसन 1994 ची. वडील अमेरिकन, आई जपानी. इथे कायद्याचा एक तपशील आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जपानमध्ये 1985 च्या आधी मुलांना नागरिकत्व मिळायचं ते वडिलांकडून. त्या वर्षी सुधारित कायदा लागू झाला आणि आईकडूनही ते मिळू लागलं. ही तिन्ही भावंडं त्यानंतर जन्मली. कायदा जुनाच राहिला असता तर आई जपानी असूनही जपानच्या संघाचं दार त्यांना जन्माने उघडलं नसतं.

वाढली मात्र ती अमेरिकेत, स्केटिंगही अमेरिकन पद्धतीचं शिकली. 2006 मध्ये कॅथी आणि क्रिस अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत नोव्हिस गटाचे विजेते ठरले. नोव्हिस म्हणजे ज्युनियरच्या खालची पायरी. तिथून पुढे अमेरिकेत काय वाट होती? वर बेल्बिन आणि अगोस्टो ही जोडी होती, मागून डेव्हिस आणि व्हाइट ही जोडी येत होती, आणि प्रत्येक गटात जोड्यांची दाटी. जपानमध्ये नेमकी उलट परिस्थिती. नोझोमी वातानाबे आणि आकियुकी किदो यांनी 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये 15 वा क्रमांक मिळवला होता, पण त्यांच्यानंतर कोण, याला उत्तर नव्हतं. ती जागा रीड भावंडांनी घेतली. 2008 मध्ये ती जपानची विजेती म्हणून गोथेनबर्गच्या जागतिक स्पर्धेत उतरली. नोव्हिसच्या व्यासपीठापासून सीनियर जागतिक स्पर्धेपर्यंत दोन वर्षं! माझ्या विद्यार्थ्यांना ज्युनियरमध्येच तीन-चार वर्षं काढावी लागतात आणि मी ती काढायला लावते, त्यामुळे या उडीचं मोल मला कळतं. तिची किंमतही कळते. पुढच्या फळीतल्या जोड्या ज्युनियरमध्ये जे शांतपणे घोटून आल्या होत्या, ते या दोघांना सगळ्या जगासमोर, सीनियर पंचांच्या डोळ्यांखाली घोटावं लागलं.

सराव अमेरिकेतच चालू होता. बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला, निकोलाय मोरोझोव आणि शे-लिन बॉर्न यांच्याकडे. शे-लिन बॉर्न ही 2003 ची जागतिक विजेती डान्सर, पुढे मोठी नृत्यदिग्दर्शक झाली. तुमच्या घरापासून गाडीने जाता येईल अशा अंतरावर ही दोघं जपानसाठी तयार होत होती, हे मुलांना जरूर सांगा.

2010 चं व्हँकुव्हर. तेव्हा डान्सची स्पर्धा तीन भागांत व्हायची: ठरलेल्या आराखड्याचा कम्पल्सरी डान्स, मग ओरिजिनल डान्स, मग फ्री डान्स. त्या ऑलिंपिकचा कम्पल्सरी होता टँगो रोमँटिका. तो अतिशय अवघड, लांब कमानींचा डान्स आहे आणि जोडीने किती वर्षं एकत्र घालवलीत हे तो पहिल्याच वळणावर उघडं करतो. ओरिजिनल डान्सचा विषय होता लोकनृत्य. आपल्याकडच्या लोकांना त्या मोसमातला डेव्हिस आणि व्हाइट यांचा बॉलिवूडच्या गाण्यांवरचा डान्स आठवत असेल; तो इथल्या देशी घरांत अजून बघितला जातो. कॅथी आणि क्रिस 17 वे आले. धाकटी ॲलिसन त्याच स्पर्धेत ओतार जपारिद्झेबरोबर जॉर्जियाकडून उतरली होती. एका घरातली तीन मुलं, एकाच ऑलिंपिकमध्ये, एकाच प्रकारात, दोन वेगवेगळ्या देशांकडून. ज्या आईवडिलांनी पहाटे रिंकवर मुलांना सोडण्यात वर्षं घालवली आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा समजवावा लागणार नाही.

व्हँकुव्हरनंतर लगेच खेळाचे नियम बदलले. कम्पल्सरी आणि ओरिजिनल हे दोन्ही भाग जाऊन शॉर्ट डान्स आला. 2018 नंतर त्यालाच रिदम डान्स म्हणतात. म्हणजे कॅथीची कारकीर्द दोन व्यवस्थांवर पसरलेली आहे. जुन्या व्यवस्थेत तिने ठरलेले आराखडे एकेका पावलाने घोटले, नव्या व्यवस्थेत तीच पावलं स्वतःच्या संगीतात बसवून, प्रत्येक महत्त्वाच्या वळणाची पातळी पंचांकडून मोजून घेतली. हे लक्षात ठेवा, तिच्या कोचिंगकडे वळल्यावर याचा उपयोग आहे.

या काळात जपानमध्ये ती दोघं जवळजवळ अढळ होती. राष्ट्रीय विजेतेपद एकूण सात वेळा. 2011 च्या आशियाई हिवाळी स्पर्धेत कझाकस्तानात कांस्यपदक, दोन चिनी जोड्यांच्या मागे. "जपानमध्ये स्पर्धाच नव्हती, मग सात विजेतेपदांचं काय कौतुक?" असं कुणी म्हणू शकेल, आणि त्यात तथ्य आहे. देशात जोड्या मोजक्या होत्या. पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. देशात ढकलणारं कुणी नसताना दरवर्षी नवे दोन कार्यक्रम बसवायचे, क्रिसचा दुखरा गुडघा सांभाळायचा, आणि जागतिक स्पर्धेतली देशाची एकुलती एक जागा राखायची. एकच जोडी असलेल्या देशाला पुढच्या वर्षी दोन जागा हव्या असतील तर त्या जोडीला पहिल्या दहांत यावं लागतं. जपानला हे तेव्हा जमलं नाही आणि नंतरही नाही. 2023 मध्ये काना मुरामोतो आणि दाइसुके ताकाहाशी 11 व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. म्हणजे प्रत्येक वर्षी सगळा भार एका जोडीवर, आणि त्यातली बरीच वर्षं ती जोडी म्हणजे हीच बहीण-भावाची.

आता सोची, 2014, तो 21 वा क्रमांक. शॉर्ट डान्सनंतर पहिल्या 20 जोड्यांना फ्री डान्स करता येतो. ही दोघं 21 वी. त्या मोसमाचा आराखडा होता फिनस्टेप, फिनलंडच्या राह्कामो आणि कोक्को या जोडीने रचलेला. वेगवान, टोकदार, क्विकस्टेपच्या चालीचा. त्यात एक पाय किंचित उशिरा पडला की पातळी जाते, आणि तळाच्या जोड्यांमधली अंतरं इतकी बारीक असतात की एका पातळीवर फ्री डान्स हातचा जातो. मी माझ्या मुलांना फिनस्टेप शिकवते तेव्हा जोड्या रडकुंडीला येतात. तो निर्दय आहे. पण निकालपत्रकाच्या या ओळीत एक गोष्ट दिसत नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा सांघिक स्पर्धा झाली. तिथे सिंगल्सचे दोन, पेअर्सची, म्हणजे उड्या आणि डोक्यावरच्या लिफ्ट असलेल्या जोडी-स्केटिंगची, एक आणि डान्सची एक जोडी लागते. डान्सची जोडी नसेल तर सिंगल्सचे तारे हान्यू असो की असादा, कितीही मोठी नावं असली तरी सांघिक पदकाचं गणित जमत नाही. कॅथी आणि क्रिस तिथे जपानसाठी उतरले आणि संघ पाचवा आला. त्या संघात पेअर्समध्ये र्‍युइची किहारा नावाचा मुलगा होता, सिंगल्समधून नुकताच पेअर्सकडे आलेला. पुढे 2023 मध्ये तोच रिकु मिउराबरोबर जगज्जेता झाला. आणि 2022 च्या बीजिंगमध्ये जपानच्या संघाला जे रौप्यपदक अखेर मिळालं, त्यात डान्सची बाजू मिसातो कोमात्सुबारा आणि टिम कोलेतो यांनी सांभाळली होती. सिंगल्सचा देश म्हणून ओळखला जाणारा जपान संघ म्हणून उभा राहिला त्याला आठ वर्षं लागली. पहिल्या वर्षी डान्सची जागा भरून ठेवणारी माणसं कॅथी आणि क्रिस होती.

2015 मध्ये कॅथी थांबली. क्रिस थांबला नाही. त्याने काना मुरामोतोबरोबर नवी जोडी बांधली. तीन वर्षांनी, 2018 च्या फोर कॉन्टिनेन्ट्स, म्हणजे युरोपबाहेरच्या देशांच्या, स्पर्धेत या जोडीने कांस्यपदक मिळवलं, डान्समध्ये आशियातल्या जोडीचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये 15 वा क्रमांक, म्हणजे वातानाबे आणि किदो यांच्या बरोबरीचा.

इथे तुमच्या घरातून पुढचा प्रश्न येईल, कारण माझ्याकडे येणारे पालकही तो विचारतात: "म्हणजे बहीण बाजूला झाल्यावर भावाचं नशीब उघडलं?" मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. तायपेईतल्या त्या फोर कॉन्टिनेन्ट्सला अमेरिका आणि कॅनडाच्या पहिल्या फळीच्या जोड्या आल्या नव्हत्या, ऑलिंपिक तोंडावर होतं. तरीही पदक हे पदकच, आणि मला ते मनापासून आवडलं. पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. मुरामोतो सिंगल्समधून आलेली, डान्समध्ये नवखी. तिला असा जोडीदार मिळाला ज्याला दोन ऑलिंपिकचा अनुभव होता, जो प्रत्येक पकड ओळखत होता, नवख्या मुलीचं वजन कधी स्वतःकडे घ्यायचं आणि कधी तिला सोडायचं हे ज्याच्या हातांना ठाऊक होतं. हे हात तयार कुणाबरोबर झाले? लहानपणापासून कॅथीबरोबर. आपल्याकडे फुगडी घालताना दोघी मागे झुकतात आणि हात घट्ट असले तरच चक्राला वेग येतो. एकीने जरा घाबरून आखडतं घेतलं की दोघी डगमगतात. डान्सची पकड नेमकी तशीच शिकली जाते, समोरच्याच्या विश्वासावर. पुढे तो विश्वास दुसऱ्या जोडीत कामाला येतो, आणि निकालपत्रकात पहिल्या जोडीदाराचं नाव छापलेलं नसतं.

क्रिस 2019 च्या शेवटी निवृत्त झाला आणि मार्च 2020 मध्ये, वयाच्या 30 व्या वर्षी, अचानक हृदय बंद पडून गेला. या बातमीने आम्हा सगळ्यांना हादरवलं होतं. ज्या भावाबरोबर कॅथीची सगळी स्पर्धात्मक कारकीर्द घडली तो असा गेल्यानंतरही ती रिंकवर उभी राहून दुसऱ्यांच्या मुलांना जोडीने चालायला शिकवते. यावर मी जास्त लिहू शकत नाही, पण "तिला काय मिळालं" असं विचारताना हेही समोर असू द्या.

आता कोच कॅथी. निवृत्तीनंतर ती जपानमध्ये कोच आणि नृत्यदिग्दर्शक म्हणून काम करू लागली. क्योतोमधल्या किनोशिता अकादमीत तिने उताना योशिदा आणि मासाया मोरिता यांना घडवलं आणि डिसेंबर 2024 मध्ये ही जोडी जपानची विजेती झाली. हे किती मोठं आहे हे कळायला आधीची स्थिती आठवावी लागेल. जपानच्या डान्सरना वर यायचं तर देश सोडावा लागायचा. रीड भावंडं स्वतः अमेरिकेत तयार झाली, कोमात्सुबारा आणि कोलेतो माँट्रियलला, मुरामोतो आणि ताकाहाशी फ्लोरिडाला मरिना झुएवांकडे. ज्या घरांना हे झेपत नाही त्यांची मुलं डान्सकडे यायचीच नाहीत. देशातच, रोजच्या रिंकवर, ऑलिंपिक बघून आलेला डान्सचा कोच असणं म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला हा खेळ डोळ्यांसमोर दिसणं. मुलं जे बघतात तेच मागतात.

ती चांगली कोच का झाली असावी, याबद्दल माझं मत माझ्या कामावरून बनलंय. डान्सच्या कोचला दोघांची पावलं यावी लागतात. मुलीचीही आणि मुलाचीही, पुढे जाणारी आणि मागे जाणारी, दोन्ही. नियम बदलण्याच्या आधीचे आराखडे आणि नंतरच्या पातळ्या, असं दोन्ही ज्याने अंगावर घेतलंय तो "हे वळण का जमत नाही" हे ब्लेडपर्यंत जाऊन सांगू शकतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: जो खेळाडू बरीच वर्षं पंधराव्या ते विसाव्या क्रमांकाच्या आसपास राहिलाय त्याने आपल्या चुका अगदी बारकाईने अभ्यासलेल्या असतात, कारण एकेका पातळीवर त्याचं भवितव्य ठरत होतं. ज्यांना उपजत सगळं येतं ते पुष्कळदा शिकवताना अडतात. "असं कर ना" म्हणतात आणि करून दाखवतात. मुलाला मात्र खांदा कधी फिरवायचा, श्वास कधी घ्यायचा, मोकळा पाय कुठे ठेवायचा हे सांगावं लागतं. अर्थात हा नियम नाही. मोरोझोव, झुएवा, बॉर्न असे वेगवेगळ्या वाटांनी आलेले उत्तम कोच आहेत. पण कॅथीची वाट कोचिंगसाठी फार सकस होती असं मला ठामपणे वाटतं.

तर आतापर्यंतचं थोडक्यात: 17 आणि 21 हे आकडे खरे आहेत, पण ते रिकाम्या जागेवर उभ्या राहिलेल्या जोडीचे आकडे आहेत, आणि त्या जागेवर पुढे आलेल्यांचा पाया त्यात आहे. आता तुमच्या मुलांकडे येऊ.

भावंडांची जोडी या खेळात जुनी आणि आदराची गोष्ट आहे. इझाबेल आणि पॉल डुशेने यांनी फ्रान्सकडून 1991 चं जागतिक विजेतेपद मिळवलं. आणि रीड भावंडांशी तुलना करायला सगळ्यांत बोलकं नाव म्हणजे माया आणि ॲलेक्स शिबुतानी. तीही जपानी मुळांची, अमेरिकेत वाढलेली बहीण-भावंडं. ती अमेरिकेकडूनच खेळली, त्या दाटीतून वर आली, 2018 च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. एका घराने गर्दीची वाट घेतली, एकाने मोकळी. दोन्ही वाटांनी माणसं घडली.

भावंडं असण्याचा मोठा फायदा म्हणजे जोडीदार शोधावा लागत नाही. मुली पुष्कळ, मुलगे कमी, अशी या खेळाची कायमची अडचण आहे. माझ्याकडे उत्तम डान्सर मुली जोडीदाराविना एकट्याने सोलो डान्स करत आहेत. घर एक, गाडी एक, सरावाची वेळ एक. तोटेही आहेत. प्रेमकथेच्या विषयांवर बसवलेले कार्यक्रम भावंडांना शोभत नाहीत, त्यामुळे कल्पकता जास्त लागते. रिंकवरचं भांडण जेवणाच्या टेबलापर्यंत येतं. आणि तुमच्या बाबतीत एक अगदी साधी गोष्ट: मुलगी मोठी आणि मुलगा धाकटा. कॅथीही क्रिसपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती, तेव्हा हे अशक्य नाही. पण बारा ते पंधरा या वयात मुलगी त्याच्यापेक्षा उंच राहील. तो उंच होईपर्यंत लिफ्टची घाई करू नका, कोच कितीही उत्साही असला तरी. त्या वर्षांत पावलं, धारा आणि पकड पक्की करून घ्या. मुलाची पाठ आणि गुडघे पुढच्या दहा वर्षांसाठी लागणार आहेत.

डबल ॲक्सल अडली म्हणून डान्स, हा विचार मात्र मनातून काढा. डान्स म्हणजे उड्या न येणाऱ्यांची सोय अशी समजूत सिंगल्सच्या पालकांत फार आहे आणि मुलांना ती कळते. मुलगी "मला तिकडे ढकललं" असं समजून आली तर ती पहिल्या वर्षातच कोमेजते. तिला धारांवर खेळायला आवडतं का, संगीत लागलं की ती पाऊल शोधते का, जवळ कुणी स्केट करत असेल तर तिला मोकळं वाटतं की अवघडल्यासारखं होतं, हे बघा. मी नव्या मुलांना डच वॉल्ट्झ, कनास्टा टँगो आणि ऱ्हिदम ब्लूज हे प्राथमिक परीक्षेचे तीन डान्स शिकवते आणि एक मोसम थांबते. सिंगल्स चालूच ठेवायचं. मोसमाच्या शेवटी मूल स्वतःहून डान्सच्या दिवसाची वाट बघत असेल तर उत्तर मिळालं. डबल ॲक्सल त्याच्या आधी आली किंवा नाही आली, याचा या निर्णयाशी संबंध ठेवू नका.

भारताकडून खेळण्याबद्दल. इथे रीड भावंडांची आणि आपली गोष्ट सरळ वेगळी होते. त्यांना आईमुळे जपानी नागरिकत्व होतं. तुमच्या मुलांकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, आहे असं तुम्ही लिहिलंय. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. डान्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत जोडीतल्या एकाचं नागरिकत्व चालतं, पण ऑलिंपिकला दोघांकडेही त्या देशाचा पासपोर्ट लागतो. आणि तुमच्या जोडीत एकाकडेही तो नाही. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद अमेरिकन नागरिकत्व सोडून भारतीय झाली आणि आता भारताकडून सिंगल्स खेळते. मला तिचं फार कौतुक आहे. पण तो निर्णय तिने समज आल्यावर घेतला. दहा आणि बारा वर्षांच्या मुलांसाठी हा निर्णय आज तुम्ही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ॲलिसन रीडचं उदाहरण इथे डोळ्यांसमोर ठेवा: जॉर्जियानंतर इस्रायल, मग लिथुआनिया, आणि लिथुआनियाचं नागरिकत्व वेळेत न मिळाल्यामुळे 2022 चं बीजिंग ऑलिंपिक हातातून गेलं, उत्तम फॉर्ममध्ये असताना. शिवाय एकदा एका देशाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळल्यावर देश बदलायचा तर आधीच्या संघटनेची परवानगी लागते आणि काही काळ थांबावं लागतं. नोव्हिसपर्यंत मुख्यतः देशातल्याच स्पर्धा खेळायच्या आहेत, म्हणजे हा प्रश्न काही वर्षं उघडा राहू शकतो. तो उघडाच ठेवा, आणि वेळ आली की नागरिकत्वाच्या कायद्याचा वकील गाठा, कोच नव्हे.

खर्च आणि वेळ याबद्दल मी मुद्दाम आकडे देत नाही, कारण रिंक, कोच आणि तुम्ही राहता ते गाव यांवर ते सगळं अवलंबून आहे. कोचला एवढं जरूर विचारा: दोघांचा धडा एकत्र धरला तर खर्चाची विभागणी कशी, कोच स्वतः दोन्ही बाजूंची पावलं शिकवू शकतात का, आणि डान्ससाठी राखलेला बर्फ आठवड्यातून कधी मिळतो. सिंगल्सच्या गर्दीत डान्सचा आराखडा करता येत नाही, धडका होतात.

आणि सगळ्यात आधी मुलाला एकट्याला बसवून विचारा. आतापर्यंतचं सगळं बोलणं मुलीच्या डबल ॲक्सलवरून सुरू झालंय. तुमच्या प्रश्नात त्या दहा वर्षांच्या मुलाला काय हवंय याचा एकही शब्द नाही, आणि जोडीतला निम्मा भाग तो आहे. त्याला उड्या आवडत असतील, सिंगल्समध्ये तो रमला असेल, तर बहिणीची सोय म्हणून त्याला यात आणू नका. मुलीला सोलो डान्समधून सुरुवात करता येते आणि जोडीदार नंतरही मिळतो. तो "हो" म्हणाला, तर दोघांना घेऊन एखाद्या शनिवारी डान्सच्या सत्राला नुसतं बघायला जा.